वजन, वॅट आणि वल्हं

(रंकाळा, पहाट.)

तळ्यावरचं धुकं अजून उठलेलं नाही. पण वल्ही चालू झालीत, ती पाण्यात नाही, दोन गल्ल्या पलीकडच्या जिममध्ये. साखळी खेचली की पंखा घरघरतो, बस्स.

रोइंग मशीनवर आधी बसला पैलवान. वजन ९६ किलो. ५०० मीटरला १ मिनिट ४८ सेकंद. मग त्याचा दोस्त, ६२ किलोचा. त्याला लागली २ मिनिटं.

"बारा सेकंद, भावा!"

"थांब की. आधी वजनानं भाग."

दोस्ताचं म्हणणं कोल्हापुरात तरी कुणाला उलगडून सांगायला नको. मैदानात जोड बघूनच कुस्ती लावतात. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं, तेही ५७ किलोच्या गटात.

मशीनला मात्र तुमचं वजन ठाऊक नसतं. मीटरमागे किती सेकंद लागले, त्याचा घन करायचा आणि २.८० ला त्यानं भागायचं, की आले वॅट. पैलवानाचे २७८, दोस्ताचे २०३. हा घन फार छळतो: २ मिनिटांवरून १:४५ वर यायचं, तर वॅट दीडपट लागतात.

आता किलोनं भागा. पैलवान २.९, दोस्त ३.३. बाजी पलटली!

पण यातही गोम आहे. अंग सगळीकडून सारखं वाढलं, तर वजन उंचीच्या घनानं वाढतं, पण ताकद ज्यावर ठरते तो स्नायूंचा आडवा छेद उंचीच्या वर्गानंच. नुसतं किलोनं भागलं की हलक्या गड्याला फुकटची सूट मिळते. उलट मशीन जागचं हलत नाही, म्हणून तिथं भारी गड्याची चैन. पाण्यात तेच वजन नावेला खाली दाबतं, नाव जास्त भिजते, पाणी जास्त अडवतं.

कन्सेप्ट टू ही मशीनवाली कंपनी मधली वाट काढते. पौंडातलं वजन भागिले २७०, त्याचा ०.२२२ वा घात, आणि त्यानं वेळेला गुणायचं. पैलवान १:४२.३, दोस्त १:४३.२. बारा सेकंदांचं अंतर एका सेकंदाच्या आत आलं.

ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून हलक्या वल्हेकऱ्यांच्या वेगळ्या शर्यती होत्या. पॅरिस २०२४ नंतर त्या बंद झाल्या.

(पैलवान टॉवेलनं मान पुसतोय.)

"ते २७० पौंड म्हंजे किती रं?"

"१२२ किलो. तेवढं वजन असलं की सूट शून्य."

"म्हंजे आमच्या वस्तादांना काय बी न्हाई तर!"