मूळ रंगाचा माग

जुन्या गाडीच्या बॉनेटवरचा हिरवा रंग आधी पाहा. आता ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागे दिसणारा पत्रा पाहा. गाडी तीच, कारखान्यात बसलेला रंगही तोच. वरचा उन्हाने पांढुरका झालाय, आतला अजून गडद आहे आणि त्यात निळी झाक दिसते.

मग नवा रंग जुळवायचा कशाशी? हे डबा उघडण्याआधी ठरवावं लागतं. अख्खी गाडी रंगवायची असेल, तर आतल्या पत्र्याशी. एकच मडगार्ड करायचं असेल, तर शेजारच्या दाराशी, म्हणजे आज दिसतोय त्या रंगाशी. दोन्ही एकदम साधायला गेलं की दोन्ही हुकतं.

सुरुवात कलर कोडपासून, म्हणजे कारखान्याने त्या रंगाला दिलेल्या क्रमांकापासून. बॉनेटखाली, दाराच्या चौकटीवर किंवा विंडशील्डच्या खालच्या पत्र्यावर ठोकलेल्या पट्टीवर तो सापडतो. चासिस नंबरात रंग शोधत बसू नका, तो सहसा तिथे नसतो. कोडवरून रंग कंपनीचं सूत्र मिळतं, पण त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. एकाच कोडचा रंग वेगवेगळे पुरवठादार देत, आणि दोन कारखान्यांतल्या गाड्यांत फरक पडे. शिवाय जुन्या सूत्रांतली शिशाची पिवळी आणि नारिंगी रंगद्रव्यं आजच्या टिंटरमध्ये, म्हणजे मिसळायच्या सुट्या रंगांमध्ये, बहुतेक नसतात. छापील शेडकार्डही पिवळं पडतं. म्हणून शेवटचा शब्द गाडीचाच.

नमुना घ्यायची जागा नीट निवडा: दाराच्या रबराखाली, दाराच्या आतल्या पॅनेलमागे, मागच्या सीटमागे. डिकीचे कोपरे मात्र फसवतात. तिथे अनेकदा फवाऱ्याची उडालेली धूळच बसलेली असते, प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, खालून डोकावतो आणि छटा खोटी दिसते. जागा साबणाच्या पाण्याने धुवा, मेणकट थर काढा, 2000 नंबरच्या सँडपेपरने पाणी लावून हलकेच घासा आणि कंपाऊंडने, म्हणजे घासायच्या पॉलिशने, चमक आणा. कापडावर रंग उतरला, तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नाही हे कळलं.

गाडी मधे कधी रंगवली असेल, तर एक ठिपका तिरका घासत पत्र्यापर्यंत न्या. नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं उमटतात: मधोमध पत्रा, मग प्रायमर, त्याला लागून मूळ रंग आणि बाहेर नंतरचे सगळे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही. मास्क लावायचाच.

रंगाची जातही ओळखायला हवी. 1923 साली ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा रंग आला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो आधी चढला, आणि आठवडे खाणारं व्हार्निशचं काम मागे पडलं. हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे थिनर उडून गेला की वाळणारा रंग. कापसाला लॅकर थिनर लावून लपलेल्या जागी पुसा. रंग विरघळून कापसावर आला तर लॅकर. भट्टीत भाजलेलं एनामल तसं सहज सुटत नाही. नायट्रो लॅकर काळाने पिवळं पडतं, म्हणून ‘क्रीम’ वाटणारी गाडी मुळात पांढरी असू शकते.

आता मिश्रण. टिंटरचे डबे आधी चांगले ढवळून घ्या. रंगद्रव्य तळाला बसलेलं असेल तर सूत्र बरोबर असूनही रंग चुकतो. सगळं वजनावर, आणि काटा 0.1 ग्रॅमचा. समजा सूत्रात पांढरा 72, काळा 90.5, निळा 98 आणि पिवळा 100 असे आकडे आहेत. ही चढती बेरीज आहे. म्हणजे काळा 18.5 ग्रॅम, निळा 7.5, पिवळा 2. इथे घाईत काळा 90.5 ओतला की संपलं.

निळा 7.5 ऐवजी 9 ग्रॅम पडला तर? चमच्याने उपसू नका. प्रमाण 1.2 पट झालं, तर बाकीचेही 1.2 पट करा: पांढरा 86.4, काळा 22.2, पिवळा 2.4. रंग 120 ग्रॅम होईल, पण छटा तीच राहील.

छटा सुधारायची ती 100 ग्रॅमच्या छोट्या नमुन्यात, एका वेळी अर्धा ग्रॅम टिंटर घालून, प्रत्येक थेंब लिहून ठेवत. आधी उजळ-गडद जमवा, मग झाक, शेवटी भडकपणा. काठीवरचा ओला रंग बघून निर्णय घेऊ नका, साधे रंग वाळल्यावर गडद होतात. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं कार्ड फवारा, चौकोन दिसेनासे होईपर्यंत किती हात लागले ते मोजा. पिवळ्या आणि लाल रंगांना जास्त हात लागतात, आणि खालचा प्रायमर राखाडी की पांढरा यानेही छटा बदलते. क्लिअर मारायचा असेल तर अर्ध्या कार्डावर तोही मारा, कारण त्याखाली रंग गडद दिसतो.

वाळलेलं कार्ड पत्र्याला चिकटवून ढगाळ उजेडात बघा, मग ट्यूबलाइटखाली. उन्हात जुळलेलं कार्ड दिव्याखाली वेगळं पडलं, तर रंगद्रव्यंच वेगळी आहेत. तेव्हा टिंटर बदलावा लागतो, थेंब वाढवून उपयोग नाही. पहिल्या नजरेला जे खटकतं तेच खरं. टक लावली की डोळा सरावतो.

मेटॅलिकमध्ये, म्हणजे धातूचे चमकते कण असलेल्या रंगात, निम्मं काम फवारायच्या गनचं असतं. ओला, जड हात मारला की अ‍ॅल्युमिनियमचे कण खाली बुडतात आणि समोरून रंग गडद दिसतो. कोरडा मारला की कण वर राहतात, रंग उजळतो. सावकाश उडणारा थिनरही गडद करतो. म्हणून कार्ड आणि गाडी एकाच गनने, एकाच दाबाने, 15 ते 20 सेंटिमीटरवरूनच फवारायची. कार्ड समोरून बघा आणि तिरकंही. समोरून जुळून तिरक्या नजरेला काळवंडत असेल, तर बहुधा कणांचा आकार चुकलाय. कलर मशीनही मेटॅलिक अनेक कोनांतून मोजतं, पण कणांचा भरडपणा डोळ्यानेच ताडून घ्यावा हे बरं.

एकट्या पॅनेलला जुळणी नव्वद टक्क्यांवर अडली, तर रंग शेजारच्या पॅनेलमध्ये विरवत न्या. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, लागणाऱ्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक द्रव्य असतं, तिथे साधा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा लागतो. संपूर्ण गाडीचा रंग एकाच वेळी मिसळा आणि थोडा हार्डनर न घालता झाकण घट्ट लावून ठेवा. डब्यावर लिहा: सूत्र ग्रॅममध्ये, थिनर, गनची टिप, दाब, किती हात. कार्डही त्याच डब्यासोबत.