भिंतीमागचं शहर

नमस्कार मंडळी! आज जरा जमिनीखाली उतरूया, तेही थेट तुर्कस्तानात. तिथल्या कपाडोकिया भागात डेरिनकुयू नावाचं गाव आहे, नावाचा अर्थच मुळी खोल विहीर. झालं असं की 1963 मध्ये तिथला एक जण घराचं काम काढून बसला होता, त्याने एक भिंत पाडली तर मागे निघाली खोली, खोलीतून बोगदा, बोगद्यातून अजून खोल्या, आणि असं करत करत पत्ता लागला जवळपास 85 मीटर खोल गेलेल्या अख्ख्या शहराचा! म्हणजे पंचवीसेक मजल्यांची बिल्डिंग उलटी करून जमिनीत खुपसलीय असं समजा.

आत तबेले, कोठारं, द्राक्षं चिरडायच्या जागा, चर्चसुद्धा. वीस हजार माणसं गुराढोरांसकट मावतील असं सांगतात, मला तो आकडा जरा जास्तच वाटतो, पण असो. हवेसाठी 55 मीटरचा उभा झरोका, आणि तळाशी पाणी, म्हणजे तीच विहीर पण!

दगड तिथला ज्वालामुखीच्या राखेचा, त्यामुळे कोरायला मऊ. आपल्या वेरूळचा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हाचा, चांगला टणक.

मला सगळ्यात भारी वाटतात ती दारं. जात्याच्या पाळीसारखा गोल दगड, पण भलामोठा, भिंतीतल्या खाचेत उभा करून ठेवलेला. शत्रू आला की आतून ढकलायचा, वाट बंद, बाहेरून हलवून दाखवा बघू! मधोमध भोक, बाहेर कोण आलंय ते बघायला, वेळ पडली तर भाला खुपसायला. बोगदेही इतके अरुंद की वाकून एकामागे एक जायचं, मग फौज कितीही मोठी असली तरी काय कामाची?

आता हे शहर 'सापडलं' म्हणतात ना, तिथे मी जरा अडतो. बायझंटाईन काळात, म्हणजे इथे पूर्व रोमन साम्राज्य होतं तेव्हा, अरबांच्या स्वाऱ्यांपासून लोक इथे लपायचे, आणि अगदी 1909 मध्ये तुर्कस्तानातल्याच अदाना शहरात आर्मेनियन ख्रिश्चनांच्या झालेल्या कत्तलींची बातमी आली तेव्हा याच भागातल्या अक्सो गावच्या ग्रीक लोकांनी काही रात्री त्यांच्या भुयारांतच काढल्या. पुढे 1923 मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीसने लोकसंख्येची अदलाबदल ठरवली, इथल्या ख्रिश्चनांना घरदार सोडून ग्रीसला जावं लागलं, भुयारांची माहिती असलेली माणसंच गेली. त्यानंतर चाळीस वर्षांनी ती भिंत पडली.

आता तिकीट काढून आत जाता येतं. फक्त गुडघे धड असले पाहिजेत!