भिंत गुण्यात नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात नेरुळच्या आमच्या घरात न्हाणीघराचं काम निघालं. जुन्या लाद्या फोडून झाल्या. नव्या बसवण्याआधी मिस्त्रींनी कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची एल आकाराची पट्टी, लावला. त्याचा एक पाय भिंतीला चिकटला, दुसऱ्याच्या टोकाशी पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. मग त्यांनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन्ही खुणांना टेप लावला. कोपरा काटकोनात असता तर ५ फूट यायला हवे होते, आले ५ फूट १ इंच. म्हणाले, "काका, भिंत गुण्यात नाही."

त्याच रात्री मुलगी महापेच्या ऑफिसातून आली ती वैतागून. मीटिंगमध्ये तिनं एक मुद्दा काढला, तर साहेब म्हणाले, हे ऑर्थोगोनल आहे. मी विचारलं, म्हणजे तुझ्या विरोधात बोलले? ती म्हणाली, "नाही ना बाबा! विरोध केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं."

हा शब्द मूळ ग्रीक. ऑर्थोस म्हणजे सरळ, गोनिया म्हणजे कोन. भूमितीत अर्थ मिस्त्रींचाच, काटकोनातला. दोन रेषा काटकोनात असल्या की एकीची लंब सावली दुसरीवर टाकली तर नुसता ठिपका पडतो, लांबी शून्य. लाक्षणिक अर्थ इथूनच निघाला: एका गोष्टीत कितीही पुढे जा, दुसरीत तसूभर फरक पडत नाही. आपण म्हणतो ना, अर्थाअर्थी संबंध नाही, तेच.

माझी चूक झाली ती छत्तीसच्या आकड्यामुळे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, तो विरोध. पण विरोधाला एकच रेषा लागते, तोंडं फक्त उलट दिशांना. ऑर्थोगोनल गोष्टी भांडतही नाहीत. (लग्न जुळवताना मात्र हेच ३६ गुण जुळले की आपण पेढे वाटतो!)

भल्याभल्यांनाही हा शब्द अडतो. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड फ्रीडमन युक्तिवादात तो बोलून गेले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यांना थांबवलं आणि काय म्हणालात, असं विचारलं. फ्रीडमन यांनी अर्थ सांगितला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांना शब्द इतका आवडला, की निकालपत्रात वापरायला हवा, असं ते म्हणाले.

मला तो पटला नळापाशी. जुन्या न्हाणीघरात गरम-गार असे दोन नळ होते. पाणी कोमट करायला गरम नळ सोडावा, तर धारही वाढायची. धार कमी करायला गार नळ आवळावा, तर पाय भाजायचे. एकाला हात लावला की दोन्ही गोष्टी बदलायच्या, म्हणजे ऑर्थोगोनल नव्हेच. आता एका दांडीचा मिक्सर बसवलाय. दांडी डावी-उजवीकडे फिरवली की ऊन-गार, वर-खाली केली की धार. काटकोनातल्या दोन हालचाली, एकीची दुसरीत लुडबुड नाही. मुलगी म्हणाली, प्रोग्रॅम लिहितानाही हेच बघतात: एक भाग बदलला तर दुसरा बिघडता कामा नये.

भिंत काही सरळ झाली नाही. मिस्त्रींनी शेवटची लाद्यांची ओळ तिरकी कापून बसवली. दाराआड आहे, पटकन दिसत नाही.