मेणबत्तीला दोन गिनी

श्रोतेहो, नमस्कार.

14 जुलै 1791ची रात्र. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. लख्ख चांदणं पडलंय, वाऱ्याची झुळूक नाही. गावाबाहेर एका उंचवट्यावर थांबून अठ्ठावन्न वर्षांचा एक पाद्री आपलं घर फोडलं जाताना ऐकतोय. दारावरचा जवळजवळ प्रत्येक घाव त्याच्या कानावर पडतोय. जमावाला घर पेटवायचंय, पण विस्तव सापडत नाही; पाद्र्याच्या मुलानं तो आधीच सगळा विझवून ठेवलाय. कुणीतरी ओरडतं, पेटती मेणबत्ती देणाऱ्याला दोन गिनी, म्हणजे सोन्याची दोन नाणी! ग्रंथांच्या खोलीत विजेचं एक मोठं यंत्र होतं. त्यातून ठिणगी काढायचीही खटपट झाली म्हणे, पण साधलं नाही. पुढे विस्तव मिळालाच. घर गेलं, प्रयोगशाळा गेली, वर्षानुवर्षांचे कागद गेले.

हा पाद्री म्हणजे जोसेफ प्रीस्टली. शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात भेटलेलं नाव. परीक्षेपुरतं आपण ते पाठ केलं आणि सोडून दिलं. पण त्याचा खरा पेशा उपदेशाचा, आणि त्यानं वैर ओढवून घेतलं तेही आधी धर्मापायी.

जन्म 1733चा, यॉर्कशरमधल्या कापडवाल्याच्या घरातला. घरचे लोक डिसेंटर, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचे. अशांना ऑक्सफर्डची पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही. त्यात या पोरानं आपल्याच लोकांशीही बिनसवलं. आदामानं पाप केलं, त्याचा मला पश्चात्ताप कसा व्हावा, असं त्यानं विचारलं आणि त्याच्या मंडळीनं त्याला सभासद करून घ्यायचं नाकारलं. पुढे नीडम मार्केट या गावी उपदेशक झाला. बोलताना अडखळायचा. त्यातून हा त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, मानत नाही, अशी कुणकुण लागल्यावर समोरची बाकं रिकामी होत गेली.

मग लीड्स. तिथं घराशेजारी बिअरची भट्टी होती. आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू त्यानं पाण्यात मुरवला आणि 1772 साली त्याची कृती छापून टाकली. आपलं सोडावॉटर ते हेच. त्यावर पैसा केला तो इतरांनी. दोन वर्षांनी, 1 ऑगस्ट 1774 रोजी, मोठ्या भिंगानं ऊन एकवटून त्यानं पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. निघालेल्या हवेत, म्हणजे आपल्या ऑक्सिजनमध्ये, मेणबत्ती भगभगून पेटली. ती हवा पुढे त्यानं स्वतःही ओढून पाहिली आणि लिहिलं की आजवर हे भाग्य दोन उंदरांना आणि मलाच लाभलंय.

त्याच वर्षी तो पॅरिसला गेला. तिथल्या विद्वानांना नवल वाटलं, एवढा शहाणा माणूस आणि ख्रिस्ती कसा! इकडे इंग्लंडात त्याला नास्तिक म्हणत. येशू हा माणूस होता, त्रैक्य मागाहून घुसडलं गेलं, देहावेगळा आत्मा नाही, असं तो म्हणे. पण मेलेले पुन्हा उठतील यावर मात्र त्याची पक्की श्रद्धा! अशा माणसाला कुठल्या खणात टाकायचं? जुन्या चुकांखाली आम्ही कणाकणानं बंदुकीची दारू पेरतोय, असं एकदा तो लिहून बसला आणि ‘गनपावडर जो’ हे नाव कायमचं चिकटलं.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या वाढदिवशी बर्मिंगहॅमला मेजवानी ठरली, तेव्हा जमावाला त्याच्या घरावर चालून जायला तेवढं निमित्त पुरलं. प्रीस्टली मेजवानीला गेलाच नव्हता, घरी बायकोबरोबर बॅकगॅमन खेळत होता. तिसऱ्या जॉर्ज राजानं सैन्य पाठवलं खरं, पण भोगावं लागलं ते प्रीस्टलीला, याचं समाधानही पत्रात लिहून ठेवलं.

आता एक जवळचा धागा. वॉरिंग्टनच्या ज्या अकादमीत प्रीस्टलीनं सहा वर्षं शिकवलं, तिच्याच परंपरेतलं मँचेस्टर कॉलेज नंतर ऑक्सफर्डला गेलं. 1901 साली आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, ते याच कॉलेजात.

1794 साली प्रीस्टली अमेरिकेला निघून गेला. पेनसिल्व्हेनियात, नॉर्थंबरलँड गावी, त्यानं नवं घर आणि नवी प्रयोगशाळा बांधली. मला गंमत वाटते ती पुढची. चर्चचं एकेक मत तपासून फेकणाऱ्या या माणसानं फ्लोजिस्टन, म्हणजे जळणाऱ्या वस्तूतून बाहेर पडणारं कल्पित द्रव्य, शेवटपर्यंत सोडलं नाही. फ्लोजिस्टन नाहीच, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं सगळ्या युरोपला पटवलं, पण ऑक्सिजन हे नाव याला काही रुचलं नाही. 1800 साली त्यानं फ्लोजिस्टनच्या बाजूनं आणखी एक पुस्तक काढलं.

6 फेब्रुवारी 1804च्या सकाळी अंथरुणावर पडल्यापडल्या त्यानं आपल्या लिखाणातल्या दुरुस्त्या सांगितल्या, लिहिलेलं वाचून घेतलं, म्हणाला, "बरोबर आहे. आता माझं झालं." तासाभराच्या आत तो गेला.