जनुक सापडलं, निरोप्या सापडेना

मगाशी प्रास्ताविकात जीन थेरपीला ‘उद्याचं वैद्यक’ म्हटलं गेलं. उद्याचं कसलं? थिओडोर फ्रीडमन आणि रिचर्ड रॉबलिन या शास्त्रज्ञांनी ही कल्पना ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत सविस्तर मांडली ती १९७२ साली. आणि त्याच लेखात ‘घाई नको’ असंही बजावलं.

एखादं जनुक बिघडलंय, तर त्याची धड प्रत पेशीत पोचवायची. पण पोचवणार कोण? पेशी कुणालाही आत घेत नाही. तिच्यात शिरण्यात तरबेज असा एक भामटा आपल्याला ठाऊक होता, विषाणू. त्याच्यातला रोगाचा ऐवज काढायचा, जागी आपलं जनुक भरायचं आणि धाडायचा. या विद्येच्या यशापयशाचं मूळ मला तरी जनुकापेक्षा या निरोप्यातच दिसतं.

१९९० साली अमेरिकेत बेथेस्डा इथे चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. तिच्या प्रतिकारशक्तीला लागणारं एक एन्झाइम शरीरात बनतच नव्हतं. मुलगी सुधारली, पण एन्झाइमची इंजेक्शनंही चालूच होती, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद राहिला.

मग १९९९, फिलाडेल्फिया. जेसी गेल्सिंगर, वय १८. प्रथिनं पचताना तयार होणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट त्याच्या यकृताला नीट लावता येत नसे. त्याचा आजार सौम्य होता, पथ्य आणि गोळ्यांवर भागत होतं. याच रोगाने दगावणाऱ्या तान्ह्या बाळांना पुढे उपयोग होईल म्हणून तो प्रयोगात उतरला. धड जनुक भरलेला ॲडिनोव्हायरस नावाचा विषाणू थेट यकृताच्या धमनीत सोडला गेला. शरीराची प्रतिकारयंत्रणा अशी काही खवळली की चौथ्या दिवशी तो गेला.

पॅरिसमध्ये तऱ्हा वेगळी. तिथला विषाणू जनुक पेशीच्या डीएनएत कायमचं बसवत असे, पण कुठे बसवेल याचा नेम नसे. प्रतिकारशक्तीच नसलेली मुलं त्याने बरी झाली, आणि त्यांतल्याच काहींना पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. जनुक नको त्या जागी, पेशींची वाढ चेतवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसलं होतं.

त्यानंतर एएव्ही नावाचा गरीब स्वभावाचा विषाणू हाताशी आला. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली लक्स्टर्ना ही आनुवंशिक अंधत्वावरची थेरपी त्याच्याच खांद्यावर उभी आहे. पण त्याची झोळी लहान, डीएनएच्या जेमतेम ४,७०० अक्षरांची. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाची नुसती कृतीच अकरा हजार अक्षरांच्या घरात. ती छाटून कोंबावी लागते. शिवाय एकदा शरीराने त्याला ओळखलं, की दुसरा डोस देणं फार अवघड.

आता पुन्हा फिलाडेल्फिया, २०२५. काही महिन्यांचं बाळ. रोग जेसीच्याच कुळातला, पुन्हा अमोनिया, पुन्हा यकृत. या खेपेला विषाणू नव्हताच. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत डीएनएचं एकच अक्षर बदलणाऱ्या अवजाराची कृती भरली होती, आणि ते औषध त्या एका बाळासाठीच सुमारे सहा महिन्यांत घडवलेलं. विषाणू नाही, म्हणून डोस पुन्हा देता आला. एकूण तीन दिले. बाळ पूर्वीपेक्षा जास्त प्रथिनं पचवू लागलं, औषधंही कमी झाली. पूर्ण बरं झालं असं त्याचे डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. ते थेंब रक्तातून आपसूक यकृताकडे ओढले जातात, हे त्याचं नशीब. हाच बिघाड मेंदूत असता, तर त्या थेंबांना तिथवरची वाट अजून ठाऊक नाही.