ॲप्ट: ‘वाय’ दाबण्याआधीची यादी

(पडद्यावर: टर्मिनल. सुडो ॲप्ट अपडेट)

आपण डेबियन या लिनक्स प्रणालीवर आहोत. ॲप्ट हे तिथे प्रोग्राम बसवायचं आणि काढायचं साधन, आणि कमांडच्या आधीचं सुडो म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं. उबुंटू आणि मिंटवरही याच कमांड चालतात. अपडेट या नावामुळे अनेकांची गफलत होते. या कमांडने एकही प्रोग्राम नवा होत नाही. सर्व्हरवर कोणतं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलचा गठ्ठा, कोणत्या आवृत्तीत आहे, याची यादी तेवढी ताजी होते. ही पायरी गाळली की इन्स्टॉल करताना ४०४ एरर येऊ शकतो. जुन्या यादीतली फाइल सर्व्हरवर उरलेलीच नसते, तिच्या जागी पुढची आवृत्ती आलेली असते.

(पडद्यावर: सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी)

इथे दोन प्रोग्राम काम करतात. डीपीकेजी १९९४ पासूनचा. पॅकेज उघडून फाइल जागेवर ठेवणं हे त्याचं काम. प्रोग्रामला लागणारी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं वेगळं पॅकेज, कमी असेल तर तो तसं सांगतो, पण आणून देत नाही. ते काम ॲप्टचं. १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत तो आला आणि लायब्रऱ्या शोधत फिरायची कटकट संपली.

(पडद्यावर: सुडो ॲप्ट रिमूव्ह)

खरी काळजी घ्यायची ती काढताना. रिमूव्हने प्रोग्राम जातो, ईटीसी फोल्डरमधली त्याची सेटिंग मात्र तशीच राहते. डीपीकेजी हायफन एल चालवलं, की अशा पॅकेजपुढे ‘आरसी’ ही अक्षरं दिसतात. बिघडलेल्या सेटिंगमुळे एखादी सेवा सुरू होत नसेल, तर रिमूव्ह करून पुन्हा इन्स्टॉल केल्याने काही फरक पडत नाही. तिथे सेटिंगही पुसणारी पर्ज ही कमांड लागते. तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलना मात्र पर्जही हात लावत नाही.

आता इथे थांबा. ‘वाय’ (हो) की ‘एन’ (नाही) विचारण्याआधी ॲप्ट एक यादी दाखवतो: काय काय काढलं जाणार. ती शेवटपर्यंत वाचा. उबुंटूवर कुणी पायथन३ काढायला गेलं, तर त्यावर अवलंबून असलेली पॅकेजही यादीत येतात, अगदी डेस्कटॉपसुद्धा. घाईत ‘वाय’ दाबलं की पुढच्या वेळी मशीन नुसत्या काळ्या स्क्रीनवर सुरू होतं. म्हणून काढताना, न विचारता ‘हो’ धरणारा हायफन वाय हा पर्याय वापरूच नका. शंका असेल तर हायफन एस लावा. काय घडेल ते दिसतं, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. आता कुणालाच न लागणारी पॅकेज काढणाऱ्या ऑटोरिमूव्ह या कमांडची यादीही तशीच वाचा. त्यातलं एखादं पॅकेज हवं असेल, तर आधी ॲप्ट-मार्क मॅन्युअलने त्यावर खूण करून ठेवा.

(पडद्यावर: लॉक मिळाला नाही, असा संदेश)

एका वेळी एकच प्रोग्राम पॅकेजच्या नोंदी बदलू शकावा म्हणून लॉक असतो. हा संदेश दिसला, तर बहुतेक वेळा मागे आपोआप होणारी अपडेट चालू असते. लॉकची फाइल डिलीट करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. दोन प्रोग्राम एकाच वेळी नोंदी लिहू लागले, तर डीपीकेजीचा डेटाबेसच बिघडू शकतो. काम संपेपर्यंत थांबा. मध्येच वीज गेली असेल, तर सुडो डीपीकेजी, दोन हायफन, कॉन्फिगर, हायफन ए चालवा. तरीही अडलं, तर ॲप्ट इन्स्टॉलला दोन हायफन आणि फिक्स-ब्रोकन जोडा.

(पडद्यावर: /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग)

चुकून भलतंच काढलं गेलं, तर ही फाइल उघडा. कमांड, तिची वेळ आणि त्या वेळी गेलेलं प्रत्येक पॅकेज आवृत्तीसह इथे नोंदलेलं असतं. तीच नावं ॲप्ट इन्स्टॉलला द्या.