सरांच्या वह्या

सरांच्या फोटोला हार घातलेला बघवत नाही, म्हणून मी जरा इकडे वळून बोलते.

मानववंशशास्त्राचा त्यांचा पहिला तास मला जसाच्या तसा आठवतो. आले, फळ्यावर एक त्रिकोण काढला, शेजारी वर्तुळ काढलं, मध्ये दोन आडव्या रेघा. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन रेघा म्हणजे लग्न. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझी आई सासूला काय म्हणते?"

"आत्याबाई."

"आणि सासऱ्यांना?"

"मामंजी."

"आत्या म्हणजे वडिलांची बहीण. मामा म्हणजे आईचा भाऊ. मग हे दोघं एका घरात नवराबायको कसे झाले?"

वर्ग गप्प. तो अख्खा तास त्यांनी ते कोडं आमच्याकडूनच सोडवून घेतलं. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे अनेक जातींत आहे. त्या मुलीच्या बाजूनं पाहिलं, तर तिची सासू ही तिची आत्याच. इथवर जमलं. पण सासरा मामा कधी होईल? तिच्या आईच्या भावालाच तिच्या वडिलांची बहीण दिलेली असेल तेव्हा. म्हणजे साटंलोटं! फळा त्रिकोणांनी आणि वर्तुळांनी भरून गेला होता. लहानपणापासून कानावर पडलेल्या दोन साध्या शब्दांमागे माणसं उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि आम्ही खुशीत असतानाच सरांनी विचारलं, "तुझ्या आईचं लग्न असं झालं होतं का?" नव्हतं. आई आणि बाबा नात्यातले नव्हतेच. "मग जपून. शब्द साक्ष देतो, निकाल देत नाही," एवढं बोलून त्यांनी फळा पुसला.

इरावतीबाई कर्व्यांवर त्यांची श्रद्धा होती. बाईंचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं 1953 चं पुस्तक त्यांच्या टेबलावर कायम असायचं. पण ते सांगायचे ती गोष्ट बर्लिनची. तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली बाई डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यात युरोपीय माणूस वरचढ ठरतो, असं गुरूंचं गृहीतक. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशाचा संबंध दिसेना. तसंच लिहिलं, आणि 1930 मध्ये पदवी घेतली. पुढे 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाले. हे सांगताना सरांचा आवाज जड व्हायचा. कॅलिपर, म्हणजे डोक्याची मापं घ्यायचं साधन, आमच्या हातात देण्याआधी ही गोष्ट ते दर वर्षी सांगत, आणि त्याशिवाय कुणाला मोजमापाला हात लावू देत नसत.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. दिवाळीनंतर फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघतात. वाटेत एका शेतात त्यांचा वाडा, म्हणजे माणसांचा आणि मेंढरांचा तळ, बसला होता. रात्री मेंढरं शेतात बसवायची, शेताला खत मिळतं, शेतकरी धान्य देतो. मी वही उघडली आणि तिथल्या म्हातारीला पहिलाच प्रश्न टाकला, "मेंढरं किती आहेत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती का असंनात. देवाची हायेत," म्हणाली आणि चुलीकडे वळली. पुढचा अर्धा तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सर मला काही म्हणाले नाहीत. खाली बसले. एक कोकरू त्यांच्या पायाशी घुटमळत होतं, ते उचलून मांडीवर घेतलं आणि विचारलं, "ह्याची आई कोणती हो?"

म्हातारीनं बोट दाखवलं. मग तिची आई कोणती, तिची बहीण कुठल्या घाटात मेली, कोणती मेंढी लेकीच्या लग्नात दिली, सगळं ओघानं आलं. मेंढरांच्या पिढ्यांमधून तिच्या घरातल्या पिढ्या आल्या. अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. उठताना सरांना "भाऊ" म्हणाली.

परतताना एसटीत सर एवढंच म्हणाले, "अगं, तू कुणाला पहिल्या भेटीत पगार विचारशील का?" त्यानंतर मी कुठल्याही गावात आकडा आधी विचारलेला नाही.

आता सरांच्या वह्यांविषयी. त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात, असं आत्ता इथे दोघांनी सुचवलं. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण माझी हात जोडून विनंती आहे, आधी त्या वह्या त्या त्या गावी, त्या त्या वाड्यावर नेऊन वाचून दाखवू या. ज्यांनी सांगितलं ते नसतील, त्यांची मुलं-नातवंडं असतील. ती हो म्हणाली तर पुढचं.

हे मी का म्हणते? गेल्या आठवड्यात काकूंनी मला कपाट उघडून दिलं. मी त्या वाड्याची वही शोधली. त्या संध्याकाळचं पान सापडलं. कोकराच्या आईपासून सुरू झालेली वंशावळ पेन्सिलीनं नीट काढलेली आहे. म्हातारीच्या थोरल्या लेकीच्या वर्तुळापाशी ती थांबते. त्याखाली अर्धं पान कोरं आहे, आणि कडेला सरांच्या बारीक अक्षरात एक ओळ: "इथे बराच वेळ बोलल्या. लिहू नका म्हणाल्या."